लझान्याचा बेत: घरी काय करायचं, विकत काय आणायचं

लझान्याची कृती पहिल्यांदा वाचणारा बहुतेकदा साहित्याच्या यादीपाशीच थबकतो. लाल सॉस, पांढरा सॉस, शीट्स म्हणजे पास्त्याच्या सपाट पट्ट्या, दोन-तीन तऱ्हेचं चीज, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे 'शक्यतो घरी केलेलं' अशी पुस्ती. हे सगळं खरोखर घरी करायला घेतलं तर पाहुणे येईपर्यंत करणाऱ्याची भूक मेलेली असते. उलट सगळंच पाकिटांतून आणि बरण्यांतून काढलं तर काम झटपट उरकतं, पण ट्रे कापल्यावर खाली पाण्याचं तळं आणि वर खारट चीज असा प्रकार व्हायची शक्यता फार.

म्हणून निवड करावी लागते, आणि माझी निवड ओलाव्यावरून होते. लझान्यातला प्रत्येक थर ओव्हनमध्ये एकतर पाणी सोडतो किंवा पाणी शोषतो. हा हिशेब जमला की लझान्या सुरीने कापता येतो, फसला की चमच्याने वाढावा लागतो. तेव्हा ज्याचा घट्टपणा आपल्या हातात असायला हवा ते घरी करायचं, म्हणजे दोन्ही सॉस. ज्याची चव महिनोन्‌महिने मुरण्यावर किंवा मोठ्या यंत्रांवर अवलंबून आहे ते विकत आणायचं, म्हणजे बहुतेक सगळं चीज. शीट्सचं उत्तर मात्र तुम्ही कोणता लझान्या करताय त्यावर ठरतं.

खालची सगळी मापं साधारण ३३ बाय २३ सेंटिमीटरच्या, ५ सेंटिमीटर खोल ट्रेसाठी आहेत. त्यात सहा ते आठ जणांचं पोटभर जेवण होतं.

१. आधी कोणता लझान्या ते ठरवा

इटलीत 'एकच खरा लझान्या' असं काही नाही. बोलोन्याकडचा लझान्या अंड्याच्या पातळ शीट्सचा, पुष्कळदा पालक घालून हिरव्या केलेल्या. मध्ये रागू म्हणजे मांसाचा दाट सॉस, बेशामेल म्हणजे पांढरा सॉस, आणि पार्मिजानो रेज्जानो हे मुरवलेलं कडक चीज. त्यात रिकोटा हे मऊ, ताजं चीज नसतं आणि मोझरेलाही नसतं. नेपल्सचा कार्निव्हलच्या दिवसांतला लझान्या अगदी वेगळा: ड्युरम गव्हाच्या वाळलेल्या, झालरीसारख्या काठाच्या जाड शीट्स, रिकोटा, वितळणारं चीज, खिम्याचे बोराएवढे गोळे, सॉसेज, कधी उकडलेली अंडीसुद्धा. अमेरिकेत घरोघरी होणारा रिकोटा-मोझरेलाचा लझान्या या दक्षिणेकडच्या घराण्यातला.

पहिल्या खेपेला यांतला एकच रस्ता धरा. पांढरा सॉस किंवा रिकोटा, दोन्ही एकदम नकोत. दोन्ही घातलं तर पदार्थ जड होतो, खर्च वाढतो आणि चव काही दुप्पट होत नाही. शिवाय एवढं ठरलं की खरेदीची यादी लगेच आटोपशीर होते.

२. लाल सॉस: टोमॅटो डब्यातले, सॉस घरचा

टोमॅटोच्या बाबतीत ताजेपणाचा हट्ट सोडून द्या. भर हंगामातले, पूर्ण पिकलेले, गरदार टोमॅटो हाताशी असतील तर गोष्ट वेगळी. ते उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट टाकून सोलायचे, बिया काढायच्या आणि आटवायचे. एरवी डबाबंद टोमॅटो जास्त चांगले, कारण ते पिकल्यावर तोडून लगेच बंद केलेले असतात. डबा घेताना अख्ख्या सोललेल्या टोमॅटोंचा घ्या आणि ते हातानेच कुस्करा. बारीक तुकड्यांच्या डब्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यामुळे तुकडे आकार धरून राहतात, कितीही शिजवले तरी विरघळून सॉस दाट होत नाही. कोशिंबिरीसारख्या पदार्थात ते चालतील, इथे नकोत. डब्यावरचे घटक वाचा: टोमॅटो, टोमॅटोचा रस, फार तर मीठ आणि सायट्रिक आम्ल, बस.

आता रागू. बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे १९८२ साली इटालियन पाककला अकादमीने रागूची कृती रीतसर नोंदवली. तिच्यात गोमांस, पँचेटा म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, कांदा, गाजर, सेलरी, वाइन, दूध आणि टोमॅटो आहे, पण टोमॅटो अगदी बेताचा. टोमॅटोत पोहणारा खिमा ही नंतरची, दुसरीकडची चाल. मला स्वतःला मधला प्रकार आवडतो, आणि नवख्या हातालाही तोच सोपा जातो.

साहित्य असं: ५०० ग्रॅम खिमा, एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, ८०० ग्रॅमचा टोमॅटोचा डबा, १५० मिलिलिटर वाइन किंवा तेवढंच पाणी, १५० मिलिलिटर दूध, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल.

कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरा आणि तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. रंग यायला नको, नुसतं मऊ आणि गोडसर व्हायला हवं. मग आच वाढवा, खिमा घाला आणि त्याला सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबा. भांड्यातला आवाज बदलतो: आधी रटरट, मग चुरचुर. चुरचुर ऐकू आली, खिम्याला तपकिरी रंग दिसला की पेस्ट घालून मिनिटभर परता. मग वाइन, ती आटली की दूध, शेवटी टोमॅटो. झाकण अर्धवट ठेवून अगदी मंद आचेवर दीड ते दोन तास. खाली लागू लागलं तर चमचाभर पाणी घाला. दूध घातल्याने सॉस फाटल्यासारखा दिसेल, घाबरू नका. पुढे सगळं मिळून येतं.

सॉस झाला की नाही हे घड्याळ सांगत नाही. लाकडी चमचा भांड्याच्या तळातून ओढा. मागे उमटलेली वाट क्षणभर तशीच राहिली आणि कडेने पाणी सुटलं नाही, तर सॉस तयार. मीठ थोडं कमीच ठेवा, कारण पुढे चीज येणार आहे आणि तेही खारट असतं.

मांस नको असेल तर ५०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून त्यांचं पाणी पुरतं आटेपर्यंत परता, जोडीला दीड कप शिजवून निथळलेले अख्खे मसूर घाला. दूध वगळा, बाकीची रीत तीच, शिजवायला मात्र पाऊण तास पुरतो.

आणि बरणीतला तयार सॉस? वेळ नसेल तर जरूर वापरा, पण बरणी थेट ट्रेमध्ये उलटू नका. त्यात पाणी जास्त असतं, बऱ्याच ब्रँडमध्ये साखरही. थोड्या तेलात एक कांदा आणि दोन लसणाच्या पाकळ्या परतून, खिमा तपकिरी करून त्यावर सॉस ओता आणि उघड्या भांड्यात वीस मिनिटं आटवा. चमच्याची परीक्षा इथेही घ्यायचीच. घटकांच्या यादीत साखर पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ती बरणी परत शेल्फवर.

३. पांढरा सॉस: हा घरीच

तयार बेशामेल खोक्यात मिळतं. ते आणून वाचतात फार तर पंधरा मिनिटं, आणि त्या बदल्यात तुम्ही चव आणि घट्टपणा दोन्ही दुसऱ्याच्या हाती देता. हा सौदा परवडणारा नाही. बेशामेलला लागतं काय, तर लोणी, मैदा, दूध, मीठ, जायफळ.

७० ग्रॅम लोणी मध्यम आचेवर वितळवा. त्यात ७० ग्रॅम मैदा घालून दोन मिनिटं सतत हलवा. कच्च्या पिठाचा वास जायला हवा, रंग मात्र फिकटच राहायला हवा. मग एक लिटर गरम दूध घालायचं, पण पहिलं पाव लिटर अगदी थोडं थोडं, दर वेळी जोरात फेटत. मिश्रण गुळगुळीत झालं की उरलेलं दूध एकदम ओतलं तरी चालतं. आता सॉसला उकळी आलीच पाहिजे. मैद्यातला स्टार्च नीट फुगून दाट व्हायला जवळजवळ उकळीचं तापमान लागतं, म्हणून 'दाट झालं वाटतं' म्हणून आधीच गॅस बंद करू नका. उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत राहा, मग मीठ आणि ताजं किसलेलं जायफळ. जायफळ अख्खंच आणा, कारण पाकिटातल्या पुडीला फारसा वास उरलेला नसतो.

चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटून राहिला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की जमलं. गुठळ्या झाल्याच तर गरम असतानाच गाळून घ्या, कुणाला कळणार नाही. लगेच वापरायचा नसेल तर वरून बटर पेपर किंवा प्लास्टिकचा कागद थेट सॉसला टेकवून ठेवा, म्हणजे साय धरत नाही.

४. शीट्स: चार पर्याय, त्यांतला एक बहुधा तुमचा

पहिल्यांदा करत असाल तर न उकडता वापरायच्या शीट्स आणा. त्या पातळ आणि आधीच थोड्या शिजवलेल्या असतात, ओव्हनमध्ये सॉसमधलं पाणी शोषून मऊ होतात. म्हणजेच त्यांच्यासाठी सॉस किंचित पातळ हवा. वर सांगितलेल्या रागूत अर्धा-पाऊण कप पाणी मिसळलं की हिशेब बसतो. शीटचा एकही कोपरा कोरडा राहू देऊ नका, तो तसाच कडक राहतो.

साध्या वाळलेल्या शीट्स भरपूर खारट पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा. निथळून तेलाचा हात लावलेल्या ताटात सुट्या पसरा. एकावर एक रचल्या तर चिकटून फाटतात. रिकोटा-मोझरेलाच्या प्रकाराला याच शीट्स शोभतात, कारण त्या वजन पेलतात.

फ्रिजमध्ये मिळणाऱ्या ताज्या शीट्स हा बरा तोडगा आहे, मिळाल्या तर.

घरच्या शीट्स बोलोन्याच्या प्रकारासाठीच करा. तिथे थर पातळ आणि पाच-सहा असतात, आणि अंड्याच्या नाजूक शीटचा फरक जिभेला कळतो. जाड रिकोट्याखाली तो कळत नाही. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. या ट्रेला ३०० ग्रॅम मैदा आणि तीन अंडी. मैद्यात खळगा करून अंडी घाला, कालवा, आणि दहा मिनिटं चांगलं मळा. पीठ घट्टच हवं, हाताला चिकटता कामा नये. झाकून निदान अर्धा तास ठेवा, नाहीतर लाटताना ते मागे मागे ओढलं जातं. मग यंत्रावर किंवा लाटण्याने, खाली धरलेला हात पलीकडून दिसेल इतकं पातळ लाटा. ट्रेच्या मापाने कापा, उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच थंड पाण्यात, मग स्वच्छ सुती कापडावर टिपून घ्या. कापडावर टिपणं टाळू नका, शीटला लागलेलं पाणी शेवटी ट्रेच्या तळाशीच जातं. हिरव्या शीट्स हव्या असतील तर एक अंडं कमी करा आणि शिजवून घट्ट पिळलेला, बारीक वाटलेला १०० ग्रॅम पालक घाला.

पास्ता करायची पहिलीच वेळ असेल तर पाहुण्यांच्या दिवशी हा प्रयोग नको. आदल्या आठवड्यात घरच्यांवर करून बघा.

५. चीज: पाकीट वाचायला शिका

पार्मिजानो रेज्जानो कमीत कमी १२ महिने मुरवलेलं असतं. घरी करायचा प्रश्नच नाही. तुकडा आणा आणि आयत्या वेळी किसा, या ट्रेला १०० ते १२० ग्रॅम लागतं. परवडत नसेल तर ग्राना पादानो घ्या, ते कमीत कमी नऊ महिन्यांचं असतं आणि इथे उत्तम चालतं. डब्यातली किसलेली भुकटी नको. तुकड्याची कडक साल टाकू नका, रागूत शिजायला सोडा आणि शेवटी काढून घ्या. काटेकोर शाकाहारी लोकांसाठी एक सूचना: या दोन्ही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, वापरतात. त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं कडक चीज शोधा.

मोझरेलाही विकतच. घरी करता येतं, पण त्याला रेनेट, सायट्रिक आम्ल, योग्य दूध आणि गरम दह्यासारखा गोळा ताणायची हातोटी लागते, आणि लझान्यात ती मेहनत वितळून जाते. कमी ओलाव्याचा, म्हणजे पाण्याशिवाय पॅक केलेला घट्ट ठोकळा आणा, २५० ते ३०० ग्रॅम. पाण्यातले पांढरे गोळे चवीला सुरेख, पण ओव्हनमध्ये पाणी सोडतात. तेच वापरायचे असतील तर चकत्या करून चाळणीत तासभर निथळवा आणि कागदाने टिपा. आधीच किसलेलं चीज सुटं राहावं म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते हवं तसं सलग वितळत नाही. ठोकळा किसायला लागतात पाच मिनिटं.

रिकोटा हे यातलं एकमेव चीज जे घरी करण्यात खरंच राम आहे. अस्सल रिकोटा चीज करताना उरलेल्या पाण्यापासून होतं, घरी आपण दुधाचं करतो. दोन लिटर सायीचं दूध ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, म्हणजे कडेला बुडबुडे आणि वर वाफ, पण उकळी नाही. गॅस बंद करून ६० मिलिलिटर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, एकदाच हलक्या हाताने ढवळा आणि दहा मिनिटं अजिबात हात लावू नका. मग तलम कापडातून गाळून अर्धा तास निथळवा. साधारण ४०० ग्रॅम रिकोटा मिळतो. दीर्घकाळ टिकणारं खोक्यातलं दूध घेऊ नका, अतिउष्णतेने प्रक्रिया केलेलं दूध नीट फाटत नाही. विकतचा रिकोटा घ्यायचा असेल तर घटकांत डिंकासारखी घट्ट करणारी द्रव्यं नसलेला निवडा, आणि तोही चाळणीत अर्धा तास ठेवा. मग ४०० ते ५०० ग्रॅम रिकोट्यात एक अंडं, मूठभर किसलेलं पार्मिजानो, मीठ आणि मिरी मिसळा. अंड्यामुळे तो थर ओव्हनमध्ये बसतो, वाहत नाही.

किरकोळ गोष्टी: गोठवलेला पालक ताज्याइतकाच चांगला, फक्त तो जीव खाऊन पिळा. सुकं ओरेगानो चालतं, सुकी बेझिल नाही. ताजी मिळाली नाही तर वगळा. विकतचं कच्चं सॉसेज आवरण काढून खिम्यात मिसळलं तर मसाल्याचं काम आपोआप होतं.

६. थर

ट्रेला लोण्याचा हात लावा. तळाला आधी थोडा सॉस, मग शीट. त्यावर रागूचा पातळ थर, पांढऱ्या सॉसच्या रेघा, किसलेलं पार्मिजानो, पुन्हा शीट. प्रत्येक थर पातळ ठेवा, मधूनमधून खालची शीट दिसली तरी बिघडत नाही. रिकोट्याच्या प्रकारात शीट, रिकोटा, लाल सॉस, मोझरेला असा क्रम. सगळ्यात वर शीट, तिच्यावर सॉस कडेपर्यंत, आणि मग चीज.

ओव्हन १९० अंशांवर आधीच तापवा. ट्रे फॉइलने झाकून ३० मिनिटं, मग उघडा करून १५ ते २० मिनिटं. फॉइल चीजला टेकू देऊ नका. नुसतं चिकटण्याची भीती नाही, टोमॅटोच्या आम्लाने ॲल्युमिनियमला भोकंही पडतात. मध्ये बटर पेपर घातला की दोन्ही प्रश्न सुटतात. कडा बुडबुडल्या, सुरी मधोमध विनासायास शिरली, थर्मामीटर असेल तर त्यावर ७४ अंश दिसले, की बाहेर काढा.

आणि मग २० मिनिटं थांबा. भूक लागलेली असते, वास सुटलेला असतो, तरी थांबा. या वेळात सॉस शीट्समध्ये शिरतो आणि थर एकमेकांना धरतात.

७. कामाची वाटणी

रागू दोन दिवस आधी करून ठेवला तर उलट जास्त चांगला लागतो. रुंद भांड्यात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. रिकोटा आदल्या दिवशी. पांढरा सॉस त्याच दिवशी, थर लावायच्या आधी. अख्खा ट्रे आदल्या रात्री रचून ठेवायचा असेल तर न उकडायच्या शीट्स त्यासाठी सोयीच्या, रात्रभरात त्या छान भिजतात. दुसऱ्या दिवशी भाजायचा वेळ मात्र पंधरा-वीस मिनिटांनी वाढवा. काचेचा गार ट्रे फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकू शकतो. निदान अर्धा तास बाहेर राहू द्या.

जोडीच्या पदार्थांत कष्ट घालू नका. ब्रेड विकतचा. त्याला लसूण आणि लोणी लावायचं ते घरी, दोन मिनिटांचं काम आहे. सॅलडची पानं धुतलेली मिळाली तर आणा, पण ड्रेसिंगची बाटली नको. तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग व्हिनेगर, मीठ आणि अर्धा चमचा मोहरीची पेस्ट बरणीत घालून हलवलं की झालं. जड लझान्याशेजारी आंबट, कुरकुरीत असं काहीतरी हवंच. गोडाला आइस्क्रीम, विकतचं.

उरलेला लझान्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, आणि गार असताना तुकडे अगदी धारदार पडतात. एकेक तुकडा गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला तर दोन-तीन महिने चालतो. गरम करताना वर चमचाभर पाणी किंवा सॉस घाला, झाकून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. गोठलेला तुकडा आदल्या रात्री फ्रिजमध्ये आणून ठेवलेला बरा.